ऑस्वर्डचा चर

ऑस्वर्डलीच्या चर्चच्या आवारात पुरायच्या चारच जागा उरल्या होत्या, आणि त्यातली एक डॉर्कस थ्रेडगोल्डची होती. तशी ती कुठं लिहिलेली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा एमॉस गेला, तेव्हा जमिनीला एवढं पाणी लागलं होतं की एकावर एक दोघांपुरता खोल खड्डा खणता येईना. तेव्हाचे म्हातारे पाद्री म्हणाले, "खोल नाही तर नाही, शेजारची जागा तुझी. बघतो कोण घेतंय ती." पुढं पाद्रीही गेले आणि त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला.

फेब्रुवारीत डॉक्टरनं डॉर्कसला सांगितलं की पोटातली गाठ आता काढण्याच्या पलीकडं गेलीय. वर्ष, फार तर दीड वर्ष. ती "बरं" म्हणाली आणि येताना बेकरीतून पाव घेऊन आली. सदुसष्ट वर्षांची बाई, मरणाला भिऊन काय करणार? एमॉसच्या शेजारी पडायचं, एवढं एकच तिनं धरून ठेवलं होतं. प्रेमाबिमाचं बोलणं तिला जमायचं नाही. बहिणीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "अडतीस वर्षं भांडले मी त्याच्याशी. आता काय मधेच सोडू?"

आणि मार्च महिन्यात चर्चच्या दारावर कागद लागला. जागा थोड्या उरल्यामुळं यापुढं गावाच्या शिवेच्या आत राहणाऱ्यालाच चर्चच्या आवारात पुरलं जाईल. बाहेरच्यानं जिल्ह्याच्या गावी, सरकारी दफनभूमीत जावं. खाली दुसरा कागद, त्यावर शीव कुठून कुठं जाते त्याचं वर्णन. पूर्वेला शीव म्हणजे मिल रोड, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. डॉर्कसचं घर मिल रोडच्या पलीकडच्या अंगाला होतं. त्या अंगाला ते एकच घर. दोन्ही कागदांखाली सही होती चर्चचे कारभारी क्लेमंट ग्रिमवेड यांची.

ग्रिमवेड मास्तरांचं घर त्याच रस्त्यावर, दीडशे पावलांवर, अलीकडच्या अंगाला. म्हणजे शिवेच्या आत.

या दोघांचं वाकडं का, ते सांगायला पाहिजे. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो अर्धंच सांगतो आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या सोयीनं भरतो.

चाळीस वर्षांपूर्वी ग्रिमवेड नॉटिंगहॅमहून शाळेवर मास्तर म्हणून आले. गावाचा तेव्हा असा समज होता की ऑस्वर्ड हा राजाचा मुलगा. त्यानं मुकुट ओढ्यात फेकून दिला, रानात झोपडी बांधली, संत झाला, म्हणून गावाचं नाव ऑस्वर्डली. चर्चच्या रंगीत काचेत त्याचं चित्रही आहे, सोनेरी केस आणि पायाशी मुकुट. मास्तरांना जुनी भाषा वाचता येत होती. त्यांनी दोन हिवाळे जिल्ह्याच्या दप्तरात घालवले आणि सुगीच्या जेवणाला सगळं गाव बसलेलं असताना उभं राहून निकाल वाचला. हजार वर्षांपूर्वीच्या दानपत्रात ऑस्वर्ड आहे, पण तो राजपुत्र नाही. तो डुकरं राखणारा. 'ली' म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. डुकरवाल्या ऑस्वर्डनं मोकळं केलेलं रान, ते हे गाव. पुढं फ्रान्सकडून आलेल्या राजानं सगळ्या मुलखाची मोजदाद केली, त्यात गावापुढं लिहिलंय: दोन नांगर, एक गिरणी, चाळीस डुकरांपुरतं रान. नंतर ब्रेशी नावाच्या सरदारानं गावाच्या नावाला स्वतःच्या नावाचं शेपूट बांधलं. दोनशे वर्षं गाव 'ऑस्वर्डली ब्रेशी' म्हणवून घेत होतं. सरदाराचा वंश बुडाला आणि शेपूट गळून पडलं.

"म्हणजे बघा," मास्तर म्हणाले, "राजे गेले, सरदार गेले, टिकला तो डुकरवाला."

बिचाऱ्याला वाटलं, आपण गावाची स्तुती करतोय. लोकांनी चमचे खाली ठेवले. डॉर्कस तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, सूप वाढत होती. ती पळी हातात धरूनच म्हणाली, "गाव डुकरांचं, मग मास्तर नॉटिंगहॅम सोडून इथं चरायला कशाला आले?"

सगळं सभागृह हसलं, आणि दहा वर्षं हसतच राहिलं. मास्तर फळ्याकडं वळले की मागून डुकराचा आवाज यायचा. गावातल्याच लव्हिनियाशी त्यांनी लग्न केलं, तेव्हा चर्चमध्ये शपथ घेताना मागच्या बाकावरून कुणीतरी तसाच आवाज काढला. ग्रिमवेडनी पुढं चर्च सांभाळलं, गावाचा इतिहास लिहिला, तीन पाद्री पाहिले, लव्हिनियाला त्याच आवारात पुरलं. पण ती पळी ते विसरले नाहीत.

डॉर्कस कागद वाचून तडक त्यांच्या दारात गेली.

"मास्तर, माझं घर गावाबाहेर कधीपासून गेलं?"

"हजार वर्षांपासून," ग्रिमवेड म्हणाले. बहात्तरीतही ताठ, गळ्यात टाय, हातात बागेची कात्री. "दानपत्रात स्पष्ट आहे. रुंद काटेरी झाडापासून ऑस्वर्डच्या चराच्या कडेनं काळ्या ओढ्यापर्यंत. ऑस्वर्डचा चर म्हणजे मिल रोडच्या कडेची नाली. शीव तीच."

"नाली? ती तर माझ्या सासऱ्यानं खणलीय."

"सासऱ्यांनी साफ केली असेल. खणली ऑस्वर्डनं."

"माझा बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं, नवरा इथल्या मातीत. मी बाहेरची आणि नॉटिंगहॅमचे तुम्ही आतले?"

"मी माणसांचं बोलत नाही, घरांचं बोलतोय. चर्चचा जुना नकाशा असता तर तुम्हाला दाखवला असता. त्याची पूर्वेची बाजू उंदरांनी खाल्लीय. जिल्ह्याच्या कचेरीनं कळवलंय की चर्चच्या शिवेचं चर्चनंच ठरवावं."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे पुरावा. आणि पुरावा दानपत्राइतकाच चालण्याचा असतो, थ्रेडगोल्डबाई. दर वर्षी गाव शीव फिरतं ना? कुठून फिरतं? मिल रोडवरून. मी इथं आल्यापासून दुसरी वाट पाहिली नाही. आणि पुढं काठी घेऊन कोण चालायचं? तुमचे यजमान."

हे मात्र खरं होतं, आणि तेच तिला झोंबलं.

ऑस्वर्डलीत ईस्टरनंतरच्या पाचव्या आठवड्यात शीव बडवतात. सगळं गाव विलो झाडाच्या काठ्या घेऊन गावाच्या कडेनं फिरतं आणि जिथं जिथं खूण आहे, दगड असो की झाड, तिथं ती काठ्यांनी बडवतं. नवी खूण असली तर एका माणसाला हातापायांना धरून उचलतात आणि त्याचं बूड त्या दगडावर तीनदा आपटतात. दुखलेलं माणूस विसरत नाही, म्हणून तो जन्माचा साक्षीदार. कागद उंदीर खातात, बूड कुणी खात नाही, असं एमॉस म्हणायचा. लग्नापासून मरेपर्यंत पुढची काठी त्याच्या हातात होती. फेरी मिल रोडवरच्या 'बार्ली शीफ' दारूगुत्त्यापाशी थांबायची, तिथं चर्चतर्फे सगळ्यांना बिअर आणि पाव-चीज.

त्या मे महिन्यात फेरी निघाली तेव्हा डॉर्कस आपल्या फाटकाशी उभी राहिली. पुढं ग्रिमवेड, मागं तरुण पाद्री एडविन शॉ, गुत्तेवाला वॉल्टर कीबल आणि तीसेक माणसं.

"माझ्या घरामागून जा," ती म्हणाली.

"शीव तिकडून जात नाही," ग्रिमवेड म्हणाले.

"जुनी माणसं तिकडूनच जायची. मी लहानपणी पाहिलंय."

"साक्षीदार?"

तिच्या वयाची तीनच माणसं गावात उरली होती. त्यातले दोघं ठार बहिरे, आणि तिसरा लव्हिनियाचा भाऊ. तो आपले बूट बघत राहिला.

"पाद्रीसाहेब, तुम्ही तरी बोला," डॉर्कस म्हणाली.

पाद्री शॉ पाच गावांचं एकट्यानं बघायचा. तो म्हणाला, "आपण ही चर्चा शांतपणे कधीतरी…"

"शांतपणे मी वर्षभरात होणारच आहे. मग चर्चा कुणाशी करणार?"

वॉल्टर कीबलनं तिचा दंड धरला. "मावशी, चल आत. उन्हात उभी राहू नकोस."

"तू गप रे. तुझ्या बिअरसाठीच ही सगळी मेंढरं रस्त्यानं चालतात."

फेरी रस्त्यानंच गेली. तिच्या फाटकासमोरून जाताना काहींनी माना खाली घातल्या, पण पाय कुणी वळवले नाहीत. ग्रिमवेडनी नालीवर काठी मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात. डॉर्कस आत गेली आणि कोंबड्यांचं खाणं भिजवायला बसली.

खरी गोष्ट तिला त्या दुपारी आठवली आणि ती तिनं कुणालाही सांगितली नाही. लग्नाचं पहिलं वर्ष. एमॉसच्या हातात पहिल्यांदा पुढची काठी आली होती आणि तो फेरी घेऊन घरामागच्या दलदलीतून गेला होता, बाप जायचा तसा. परत आला तो कमरेपर्यंत काळ्या चिखलात. त्याची एकुलती एक चांगली पाटलोण. ती तीन दिवस घासत होती आणि तीन दिवस त्याला बोलत होती. "रस्त्यानं जायला काय होतं? पाय झिजतात? पुढच्या वर्षी असा आलास तर तूच धू." पुढच्या वर्षी एमॉस रस्त्यानं गेला. बिअर तासभर आधी मिळाली. गावाला वाट आवडली. पुढं दलदल सुकवून तिथं कुरण झालं, पण वाट पुन्हा वळली नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवेबाहेर तिला मास्तरांनी नाही काढलं, एका पाटलोणीपायी ती स्वतःच निघाली होती.

मग तो उन्हाळा आला. मे गेला, जून गेला, थेंब नाही. सरकारनं बागेला नळीनं पाणी घालायला बंदी केली. कुरणं आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग नुसती धूळ. जुलैच्या मध्यावर डॉर्कस एमॉसच्या थडग्याशी बसायला गेली. तिथं तासन् तास बसून ती त्याला पाटलोणीवरून शिव्या घालायची. त्या दिवशी शिव्या देता देता थांबली.

चर्चच्या आवारातलं गवत जळून गेलं होतं, पण थडग्यांवरचं हिरवं होतं. सगळीकडं माणसाच्या लांबीचे हिरवे पट्टे. जिथं दगड कधीच पडून गेले होते, जिथं कुणाला तरी पुरलंय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तिथंसुद्धा. जन्मभर भाज्या लावलेल्या बाईला यात शिकायचं काही नव्हतं. एकदा खोल खणून भरलेली जमीन ओल धरून ठेवते. तिथलं गवत सगळ्यात शेवटी मरतं.

ती उठली आणि दुखणं विसरून घरी गेली. कोंबड्यांच्या खुराड्यामागं, जळलेल्या कुरणात, दोन हात रुंद हिरवा पट्टा जात होता. ती त्याच्यावरून चालत गेली. पट्टा तिच्या घराला मागून वळसा घालून रस्त्याला भिडत होता. पुढं झाडी होती, खालून काही दिसेना. सगळं एकदम बघायला उंचावर जायला हवं होतं. गावात उंच म्हणजे चर्चचा मनोरा, आणि मनोऱ्याची किल्ली ग्रिमवेडच्या खिशात.

"किल्ली द्या," ती त्यांच्या दारात म्हणाली.

"कशाला?"

"तुमचा चर बघायचाय. ऑस्वर्डचा."

"तो रस्त्याच्या कडेला आहे. उभ्या उभ्या दिसतो."

"मग भिता कशाला?"

ग्रिमवेड लाल झाले. "मी भीत नाही. मनोऱ्याला बहात्तर पायऱ्या आहेत. तुम्ही मधेच पडलात तर लोक मला धरतील."

"तर मग तुम्ही मागं चाला, पडले तर तुमच्या अंगावर पडेन. तेवढाच जिवाला आनंद."

ते आले. विसाव्या पायरीवर डॉर्कसचा दम संपला. ती भिंतीला टेकली. खाली मास्तरही घरघरत होते.

"थांबायचं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा."

"मी तुमच्यासाठी विचारलं."

"माझ्यासाठी चाळीस वर्षांत काही केलं नाहीत, आता नको."

"चाळीस वर्षं," ग्रिमवेड अंधारातून म्हणाले. "माझ्या लग्नात तो आवाज कुणी काढला, माहीत आहे मला. एमॉसनं."

डॉर्कस एक पायरी वर चढली. मग म्हणाली, "मी त्याला कोपरानं ढोसलं होतं."

"काढू नको म्हणून?"

"काढ म्हणून."

मग दोघं उरलेल्या पायऱ्या चढले.

वरून सगळा मुलूख भाजलेल्या पावासारखा दिसत होता. आणि त्यात तो हिरवा चर, अगदी स्पष्ट, कुणी बोटानं ओढावा तसा. उत्तरेला जुन्या काटेरी झाडापासून तो निघत होता. मिल रोड ओलांडून पूर्वेला जात होता, डॉर्कसच्या घराला मागून कवेत घेत होता, आणि परत रस्त्यावर येत होता. रस्ता फूटपट्टीसारखा सरळ. चर मात्र जिथं जुनं झाड असेल तिथं वळलेला. ग्रिमवेड बराच वेळ बघत राहिले.

"डुकरं रानात शिरू नयेत म्हणून खणलेला," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "माणूस एकटा, हातात लाकडी फावडं. मोठं मूळ लागलं की वळला. तो सरळ कसा असेल? मला कळायला हवं होतं."

"म्हणजे मी आत," डॉर्कस म्हणाली.

"तुम्ही आत."

मग दोघांची नजर एकदमच पुढं गेली. रस्त्यावर परत आलेला चर तिथं थांबत नव्हता. तो रस्ता ओलांडून पश्चिमेला गावाकडं घुसत होता, ग्रिमवेडच्या बागेच्या अलीकडून वळत होता आणि मग काळ्या ओढ्याला मिळत होता. मास्तरांचं घर, त्यांचे गुलाब, त्यांची वाटाण्याची वेल, सगळं चराच्या पलीकडं.

डॉर्कस हसली. तिला आवरलंच नाही. कठड्याला धरून, पोट धरून हसली. पोट दुखायला लागलं तरी हसतच होती. "मास्तर," ती म्हणाली, "चला दोघं मिळून जिल्ह्याच्या गावी. नाही, मी कशाला? तुम्हीच जा."

ग्रिमवेडनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली आणि चर काढायला लागले. डॉर्कस त्यांच्या खांद्यावरून बघत होती. आता हा माणूस कुठंतरी हात मारणार, अशी तिची खात्री होती. तिच्या घरापाशी रेघ बरोबर वळली. रस्त्यावर आली. मास्तरांच्या घरापाशी पेन्सिल क्षणभर थांबली. त्या आवारात, लव्हिनियाच्या शेजारी, अकरा वर्षांपासून त्यांनी स्वतःसाठी एक जागा धरून ठेवली होती, हे डॉर्कसला ठाऊक होतं. मग पेन्सिल घराला बाहेर टाकून पुढं गेली.

डॉर्कसचं हसू तिथंच संपलं. तिला उलट संताप आला. लबाडी केली असती तर या माणसाला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

ऑगस्टमध्ये सभा भरली. ग्रिमवेडनी नकाशा भिंतीला लावला आणि सुगीच्या जेवणात वाचला होता त्याच कोरड्या आवाजात सांगितलं. "माझी चूक झाली. मिल रोडची नाली ही ऑस्वर्डचा चर नव्हे. खरा चर हा. थ्रेडगोल्डबाईंचं घर शिवेच्या आत आहे. माझं बाहेर आहे. मी कारभारीपद सोडतो."

सभेत कुजबुज झाली. वॉल्टर कीबल उठला. "मास्तर, तुमच्यापुरती सूट देऊ की. कोण नाही म्हणणार?"

"मी म्हणणार," ग्रिमवेड म्हणाले. "नियम मी लिहिलाय. त्याला माझ्या आकाराचं भोक पाडू नका."

सगळ्यांनी डॉर्कसकडं पाहिलं. तिनं काहीतरी बोलावं, अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? नियम त्यांचा, हट्ट त्यांचा, घर त्यांचं." आणि घरी गेली. तिला जागा मिळाली होती. एमॉसच्या शेजारची माती तिची होती, आता कुणी काढून घेणार नव्हतं. त्या रात्री तिला चांगली झोप लागायला हवी होती. लागली नाही, आणि त्याचाही राग तिनं मास्तरांवरच काढला.

डॉक्टरनं दिलेलं वर्ष संपलं तरी डॉर्कस होती. काठीला टेकून, अर्धी झालेली, पण तोंड शाबूत. एप्रिलमध्ये पाद्री शॉ तिच्याकडं आला. म्हणाला, यंदा शीव नव्या नकाशाप्रमाणं फिरायची, आणि एमॉसची काठी चर्चमध्ये खुंटीला पडून आहे. ती तुम्ही घ्याल का? पुढं चालाल का? ती म्हणाली, "माझ्या मागं चालायला लोकांकडं वेळ आहे का विचारा. मी गोगलगाय झालेय."

फेरी निघाली. दर वीस पावलांवर डॉर्कस थांबायची, सगळं गाव तिच्यामागं थांबायचं. वॉल्टर घडीची खुर्ची घेऊन तिच्या शेजारी चालत होता. ती आपल्या घरामागून गेली, दलदल होती त्या कुरणातून, सत्तेचाळीस वर्षांनी. खुराड्याच्या कोपऱ्यावर काठी मारली. मग रस्त्यावर आली. इथून चर उजवीकडं वळत होता. पाद्रीनं आदल्या दिवशी तिथं पांढरी खुंटी ठोकून ठेवली होती.

ग्रिमवेड आपल्या फाटकाशी उभे होते. टाय लावून, हात मागं बांधून. आपण शिवेबाहेर पडताना बघायला आल्यासारखे.

डॉर्कस खुंटीपाशी थांबली, श्वास घेतला आणि सरळ रस्त्यानं चालायला लागली.

"बाई," ग्रिमवेडनी हाक दिली. "चर उजवीकडं आहे."

"दिसतंय मला."

"मग इकडं कुठं?"

"माझ्या पोटात दुखतंय. रस्ता जवळ पडतो."

"जवळ पडतो म्हणून शीव बदलत नाही."

"सगळ्या गावाला विचारा, बदलते का नाही ते. सेहेचाळीस वर्षं बदलली होती."

मागची माणसं खुंटीपाशी घोटाळली. वॉल्टर कीबलनं एकदा खुंटीकडं पाहिलं, एकदा डॉर्कसकडं, खुर्ची बगलेत मारली आणि तिच्यामागं निघाला. मग लव्हिनियाचा भाऊ निघाला. मग सगळेच. पाद्री शॉनं नकाशाची घडी केली आणि खिशात घातली.

डॉर्कस मास्तरांच्या फाटकाशी आली. फाटकाच्या पायथ्याशी चुनखडीचा एक जुना दगड होता, मास्तर त्यावर बूट घासायचे. तिनं एमॉसची काठी त्या दगडावर मारली. जोर नव्हता, पण आवाज आला.

"ही नवी खूण," ती म्हणाली. "साक्षीदार लागेल."

कुणीच हललं नाही. मग ती वॉल्टरला म्हणाली, "बघतोस काय? उचल मास्तरांना."

"हात लावाल तर बघा," ग्रिमवेड मागं सरकत म्हणाले. "मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. हा तमाशा आहे. याला काही आधार नाही, कागदाचा नाही, जमिनीचा नाही…"

वॉल्टरनं त्यांना काखेत धरलं, लव्हिनियाच्या भावानं पाय धरले. टाय तोंडावर आला. मास्तरांचं बूड दगडावर एकदा टेकलं, दोनदा टेकलं, तिसऱ्यांदा मेव्हण्यानं जरा जास्तच मनापासून आपटलं. मागून कुणीतरी डुकराचा आवाज काढायला गेलं. डॉर्कसनं वळून नुसतं पाहिलं आणि तो आवाज घशातच राहिला.

त्यांनी मास्तरांना उभं केलं. ग्रिमवेडनी टाय सरळ केला, पाटलोण झटकली.

"थ्रेडगोल्डबाई," ते म्हणाले, "ही खूण खोटी आहे. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे."

डॉर्कस वॉल्टरनं उघडलेल्या खुर्चीत बसली. तिनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"चालत राहा मास्तर," ती म्हणाली. "पन्नास वर्षांत खरी होईल."